मागची बाजू पाहणाऱ्या यमुनाबाई

यमुनाबाईंच्या हाती कोणतीही वस्तू दिली की त्या ती आधी उलटून पाहत. भरतकामाचा रुमाल, नवी वही, इतकेच काय, मला आलेल्या स्थळाचा फोटोसुद्धा त्यांनी प्रथम मागून पाहिला. "समोरून सारेच सजून येतात, बाई. मांगून दाखवा."

एकोणीसशे साठच्या आसपास अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या तांब्याच्या पातळ पत्र्याचे काम शिकवीत, मी गणित. जन्म तांबटाच्या घरचा, त्यामुळे हात तयार होता. प्रमाणपत्र मात्र नव्हते. म्हणून त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होई, आणि तीही मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, मर्जीने.

त्यांची रीत ठरलेली होती. पातळ तांबे बोट कापते, म्हणून आधी चारही कडा आत मोडायच्या. मग पत्रा घोंगडीच्या घडीवर उपडा ठेवून बोथट लाकडी सळईने मागून दाबत चित्र उठवायचे. दाबून दाबून पत्रा ताठ झाला की तो निखाऱ्यावर तापवायचा. तो पुन्हा मऊ होतो. कोणी घाई केली की बाई कडाडत, "अवं पोरी, तांबं हाये ते, कणीक नाई! कावून जीव घेऊन राहिली त्याचा?"

आठवीतल्या शेवंताने तीन आठवडे खपून एक पोपट केला. चोच वाकडी झाली. बाईंनी पत्रा उलटला आणि अंगठा फिरवत म्हणाल्या, "इथं तुही हिंमत गेली. अन् इथं वापस आली. पाह्य!" त्या दिवशी शेवंता पत्रा छातीशी धरून घरी गेली.

पुढे अमरावतीला शाळांचे प्रदर्शन ठरले. मोठ्या बाईंना वाकड्या चोची नको होत्या. त्यांनी बाजारातून यंत्राने ठसा मारलेले मोर आणवले, फळीवर ठोकून घेतले आणि मुलींनी घरून आणून दिलेले काम पेटीत बंद केले. माझे अक्षर वळणदार, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. 'कु. शेवंता, इयत्ता आठवी.' मला सारे ठाऊक होते. मी लिहिले. हे सांगतानाही संताप होतो, आणि तो एकट्या मोठ्या बाईंवर नाही.

प्रदर्शनात पाहुणे फळीपुढे उभे राहून वाहवा करत होते. शेवंता दुसऱ्याच्या मोराखाली स्वतःचे नाव वाचून रडू लागली. यमुनाबाईंनी मांडववाल्याकडून पक्कड घेतली आणि सर्वांसमोर खिळे उपटून एक मोर उलटा केला.

"हे पाहा साहेब, मांगून हत्याराची एक खूण नाई! पोरीचा हात लागला असता, तर कुठं चुकला ते दिसलं असतं. माह्या लेकरांची मेहनत पेटीत कोंबली, अन् त्यांच्या नावानं हे मांडलं?"

"यमुनाबाई, शिस्त पाळा!" मोठ्या बाई ओरडल्या.

"पोरींले खोटं शिकवून राहिल्या तुमी, अन् शिस्त मले?"

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले आणि ते पुढच्या दालनात गेले. शाळेतील आम्ही सात शिक्षिका तिथे होतो. आम्हीही त्यांच्यामागे गेलो.

आठवड्याभरात पत्र निघाले: प्रमाणपत्राअभावी सेवा समाप्त. इतकी वर्षे जे प्रमाणपत्र कोणाला आठवले नव्हते, ते त्या आठवड्यात आठवले. मसुदा मोठ्या बाईंचा. सुवाच्य प्रत करून यमुनाबाईंच्या हाती देण्याचे काम माझे. तेही मी केले. चुकीच्या गोष्टीला नकार देता येतो, असे मी रोज मुलींना सांगत असे.

यमुनाबाईंनी पत्र वाचले नाही. उलटे केले. मी टाक दाबून लिहीत असे. ओळी मागे उमटल्या होत्या. त्यांनी त्यांवरून अंगठा सावकाश फिरवला, पहिल्या ओळीपासून तारखेपर्यंत.

"हात कुठंच अडला नाई तुमचा, बाई," त्या म्हणाल्या, आणि पत्र माझ्या टेबलावर उपडे ठेवून निघून गेल्या.