छातीतला कापूस

दूर कुठंतरी लढाई लागली म्हने, अन् विलायतेले आमचाच कापूस गोड लागाले लागला. अकोल्याच्या आमच्या घरात निजाले जागा नोती. बाजेखाली कापूस, देवापाशी कापूस. मी बायंतपनातून उठली ते थेट चरक्यावर बसली, सरकी काढाले. रुई एकीकडे, सरकी एकीकडे, अन् बारीक फूस सारी माह्या नाकात. खोकला लागला. घागर उचलली का दम लागे.

सासूबाईनं माह्या पाठीले कान लावला अन् सांगतलं, "इच्या छातीत कापूस भरला."

ओला कापूस फुगते, हे आमच्याकडे लेकराले बी ठाऊक. म्हनून माह्यं पानी तोडलं. अंगनात कापसाच्या गंजीजवय मले उन्हात घातलं, अन् दुपारी गंजीसंग मले बी पालटवलं, या कुशीवरून त्या कुशीवर.

हसू नोका. मी लय भेली होती. दुधातून कापूस पोटात जाईन म्हनून तान्हं लेकरू माह्याजवून काढलं, बकरीच्या दुधावर ठेवलं. ते तिकडे रडे, इकडे माहा पदर ओला होये. सासूबाई म्हने, "पाहा, ओल चढून राह्यली!" मी मनात म्हनो, मरतो तं मरतो, पन एकडाव लेकरू तं घेऊ द्या.

शेवटी माह्या घरधन्यानं बैलगाडी जुपली अन् आमाले साऱ्याइले सरकारी दवाखान्यात नेलं. डाक्तर पुन्याकडचा. "फुप्फुसात कापूस साठत नाही, बाई," म्हने. माहेरी वलगावले मी बाराखडी गिरवली होती, त्यात फुप्फुस कुठं होतं!

"आत द्राक्षांच्या घोसासारखे बारीक फुगे असतात. त्यांचं अस्तर जिवंत कणांचं. धुळीनं ते सोलवटतं, सुजतं, म्हणून दम लागतो. मग रक्तातून दुसरे कण येतात, ते कचरा गिळतात. आणि शेजारचे कण एकाचे दोन होऊन सोललेली जागा भरून काढतात."

सासूबाईचे डोये मोठे झाले. "अगा माय! इतके जन इच्या छातीत राह्यतात? अन् खातात काय?"

"कचरा."

"अन् रांधते कोन?"

डाक्तर हासला नाही. "रोज सोलवटलं तर मात्र नांगर धरणाऱ्याच्या हातासारखा आत घट्टा पडतो. घट्ट्यातून वारा जात नाही. हिला चरक्यावरून उठवा. पाणी पाजा."

"अन् लेकरू?" मी इचारलं.

"दुधाची वाट निराळी, बाई. खुशाल पाजा."

गाडीतच पाजलं. सासूबाई वाकून पाहे, लेकराच्या ओठाले रुई लागते का. नाही लागली. तवा तिनं तांब्या माह्या तोंडाले लावला.

दम अजून लागते. घट्टा किती पडला, कोन जाने. आता चरक्यावर सासूबाई बसते, तोंडाले फडकं बांधून. अन् जेवाले वाढताना माह्या ताटात एक भाकर जास्त टाकते.

"आत्याबाई, मले नाही जात."

"तुले कोन देऊन राह्यलं? आतल्या लोकाइले काम पडलं हाये."