डब्यातली हळद
हळदीचा डबा उघडला की मला अजून गंजाचा वास येतो. यजमान जाऊन महिना झाला होता. त्यांचा जुना ट्रक विकायचं ठरलं, म्हणून रेडिएटर धुऊन घ्यायला मी गडमुडशिंगीच्या गॅरेजात गेले होते. मिस्त्रीनं खालची तोटी सोडली आणि पाण्याची नळी माझ्या हातात दिली. "वहिनी, वरनं पाणी सोडत ऱ्हावा. खालनं नितळ आलं की सांगा." आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग पिवळट गाळ. मिस्त्रीनं तो बोटावर घेऊन हुंगला. "हळद हाय की. रेडिएटर गळाय लागला की टाकत्यात. मालकांनी लई वेळा टाकलीया." घरातली हळद महिना भरायच्या आत कशी संपते, यावरून मी कितीदा भांडले होते, आणि हे खाली मान घालून जेवत राहायचे. मला रडू आलं नाही. हाताला नळीचा गारवा तेवढा लागत होता. पाणी नितळ झालं तरी मी नळी तशीच धरून राहिले. शेवटी मिस्त्रीच उठला आणि त्यानं नळ बंद केला. हल्ली पाव किलो हळद मला वर्षभर पुरते.