अर्धी पानं, अर्धी लेकरं

उमरग्याच्या शांतम्माचा हात चांदीला ठाऊक आहे. नवरा गेला तशी तिनं त्याची, पत्रा टेकवायची राळेची परात अन् छिन्न्या पुढ्यात ओढल्या आणि पत्र्यावर ठोकून देवांचे मुखवटे उठवायला बसली. आता पार कर्नाटकातले देव तिच्या दारी येतात.

यंदा मात्र चर्चचे फादर विन्सेंट आले, एक छापील चित्र घेऊन. चार-पाचशे वर्षांमागं इटलीतल्या कुण्या चित्रकारानं शाईनं काढलेला, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, द्राक्षारसाचा प्याला.

"असाच करा, शांतम्मा. जसा आहे तसा."

प्याल्याची चांदी चर्चला येणाऱ्या वस्तीतल्या बायांची होती. कुणाची जोडवी, कुणाचे वाळे. चर्चची झाडलोट करणाऱ्या कडूबाईनं तर वारलेल्या लेकीचे पैंजण दिलेले. ते वितळवायच्या मुशीत शांतम्मानं सगळ्यांत शेवटी टाकले होते.

चित्रातल्या प्याल्याच्या डाव्या अंगाला द्राक्षाची पानं, उजव्या अंगाला पंखवाल्या लेकरांचे चेहरे. शांतम्माला नवल वाटलं. पण देवाच्या कामात आपली अक्कल चालवू नये, ही सासऱ्याची शिकवण. तिनं अर्ध्या प्याल्यावर पानं उठवली, अर्ध्यावर लेकरं.

चर्चच्या सणाच्या आदल्या दिवशी ती प्याला घेऊन चर्चमध्ये गेली. फादरनी तो हातात दोनदा फिरवला.

"शांतम्मा, हे दोन प्याले आहेत."

"एकच तर हाय की, फादर."

"त्या काळी गिऱ्हाइकाला निवडता यावं म्हणून एकाच चित्रात दोन तऱ्हा काढायचे. अर्धी ही, अर्धी ती. मला पानं हवी होती. तुम्हाला सांगायचंच राहिलं."

शांतम्मानं प्याला परत हातात घेतला. बायांची चांदी आपल्या हातून नासली, हेच तिच्या मनात घुमायला लागलं.

"परत वितळवते मी. पर उद्याला न्हाय व्हायचं."

कडूबाई तिथंच फरशी पुसत होती. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि प्याला घेतला. लेकराच्या एका चेहऱ्यावरून तिनं हळूच अंगठा फिरवला.

"हे वितळवायचं? गळतंय का?"

"न्हाय."

"मग?" कडूबाईनं तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. थेंब पाझरला नाही. प्याला मेजावर ताठ उभा राहिला. "फादर, तुमी उचलताना पानं तुमच्याकडं करा, लेकरं आमच्याकडं. तुमाला पानंच पायजे होती न्हवं?"

फादर हसायला लागले. "धर्माच्या नियमाला फक्त शाबूत, ताठ उभा राहणारा प्याला लागतो, बाई. तो तर आहेच."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दाराशी उभ्या शांतम्मानं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. फादरनी लेकरं बायांकडं करून प्याला उंच धरला. पुढच्या बायांनी माना उंचावल्या, मग एकेकीचे हात जुळत गेले. कुरकुर कुणाचीच नाही.

शांतम्माची मूठ सुटली. कालपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पंगतीत कडूबाई वाढायला आली, तेव्हा शांतम्मानं तिसऱ्यांदा भात मागून घेतला.