सुटली म्हण!

मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते, म्हणजे शपथा हा माझा रोजचाच धंदा. बेलभंडारा उचलून दिलेली वचनं पोरांना सांगते, सकाळी हात पुढे करून प्रतिज्ञाही म्हणवून घेते. पण शपथेचं वजन मला पुस्तकानं नाही, पडेगावातल्या एका शेळीनं शिकवलं.

तेव्हा पडेगावात शेतं मोडून प्लॉट पडत होते. आम्ही नवं घर बांधून नुकतेच राहायला आलो होतो. घरं भराभर वाढत होती, पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. आईनं तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तुळस जगवली होती. शेजारच्या मुसलमान मावशींची, आमच्या खालांची, शेळी आली आणि तुळस बुडख्यापर्यंत फस्त करून गेली. आईचा राग नेहमी नाकावर. भर गल्लीत ती खालांना ओरडली, "तुमच्या दारचं पाणी पिणार नाय! माझ्या लेकीची शपथ!"

ती लेक म्हणजे मी. शेळी खालांची, तुळस आईची आणि टांगणीला जीव माझा!

पुढे टँकर येईनासा झाला. गल्लीत पाणी उरलं ते फक्त खालांच्या अंगणातल्या आडाला. सगळी गल्ली तिथून भरायची, वडील आणि मीसुद्धा. आई तेवढी स्वतःपुरती एक कळशी आणायला उन्हातान्हात लांबच्या विहिरीवर जायची. एका दुपारी ती परत आली आणि उंबऱ्यातच कोसळली. कळशी सांडली. खाला तांब्या घेऊन धावत आल्या, पण आईनं तोंड फिरवलं.

"पोरीची शपथ हाय," ती पुटपुटली.

मला रडू फुटलं. माझ्या जिवापायी आई तहानेनं मरणार, एवढंच मला कळत होतं.

खाला माझ्याकडे वळल्या. "कसम तेरी है ना? तो तू छोड."

खेळात आम्ही तसंच करायचो. मी घाईघाईनं "सुटली, सुटली, सुटली!" म्हटलं. आईनं मान हलवली. पोराटोरांच्या म्हणण्यानं का शपथ सुटते?

तेव्हा खालांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "तो ये कसम मेरे सर पे. कुछ होना है तो मेरेकू होने दो, छोरीकू नै. अब पियो."

आईनं हात पुढे केला. मग तिनं अख्खा तांब्या संपवला.

मला काही झालं नाही. आईला मात्र खालांचा घोर लागला. त्या शिंकल्या तरी हिचा काढा तयार. नळ आले, आड बुजला, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी काढा चालूच. लेकीवरची शपथ दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून तिला स्वस्थ बसवेना. त्या दोघींचे उपकार कुठल्या जन्मी फेडू, मला ठाऊक नाही.

परवा खालांनी अंथरूण धरलं, तेव्हा आईनं मला शाळेतून बोलावून घेतलं आणि त्यांच्या उशाशी उभं केलं.

"माझ्यापायी लई वर्षं ओझं वाहिलं त्यांनी. म्हण गं."

डोक्याचे केस पिकलेली मी, खालांच्या कपाळावर हात ठेवून कशीबशी म्हणाले, "सुटली."

खालांनी माझा हात बाजूला केला.

"नक्को," त्या आईला म्हणाल्या. "छूट गई तो तू काढा लेके आयेगी क्या?"