एकादशीची फ्लॉपी

जावयाची झडती घेणारी सासू मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या शेजारच्या फ्लॉपीकाकू. जावई इंदूरहून नातवासाठी गेमची फ्लॉपी घेऊन आले, तर काकू दारातच म्हणाल्या, "या, बसा, पाणी घ्या. पण फ्लॉपी आधी इकडे द्या." जावयांचा चेहरा पडला. काकूंनी ती मशीनमध्ये तपासली आणि खरंच व्हायरस निघाला. "माणूस आपला आहे हो, पण फ्लॉपी कुठे कुठे फिरून आली, काय माहीत," असं म्हणत त्यांनी जावयांपुढे श्रीखंडाची वाटी ठेवली.

उज्जैनला रामघाटाजवळच्या आमच्या गल्लीत कम्प्युटर आलेलं ते पहिलं घर. काका पत्रिका करायचे. ते गेल्यावर काकूंनी त्यांच्या हातच्या सगळ्या पत्रिका, भाकितांसकट, एका बोटाने टाइप केल्या. पुढे शिप्रेचं पाणी घरात शिरलं आणि मूळ कागदांचा लगदा झाला. काका जे काही उरले ते त्या कम्प्युटरच्या डब्यात. त्यामुळे त्याला कुणी नुसता हात लावला तरी काकूंचा जीव वरखाली व्हायचा.

व्हायरस रोज नवे निघतात, जुनं औषध त्यांना लागू पडत नाही, हे त्यांना फ्रीगंजमधल्या टॉवर चौकातल्या कम्प्युटरवाल्याने सांगितलं होतं. झालं! दर एकादशीला साबुदाणा भिजत घालून काकू टेम्पोने फ्रीगंजला जायच्या आणि अँटिव्हायरसचं नवं अपडेट फ्लॉपीत भरून आणायच्या. आल्यावर आधी अपडेट, मग खिचडी. "एखादी एकादशी चुकली तर?" मी चिडवायचे. "उपास चुकला तर देव माफ करेल. हा मेला व्हायरस नाही करायचा."

एकदा बातमी आली की ठराविक तारखेला जागा होणारा व्हायरस पसरलाय, सगळं पुसून टाकतो. तोच कम्प्युटरवाला म्हणाला, "आंटीजी, डेट एक दिन आगे कर दो, वो सोता रह जाएगा." मी सोबत होते. काकू अशा भडकल्या की बोलू नका. "पंचांग जिस उज्जैन से गिनते हैं, वहाँ बैठ के झूठी तारीख लगाऊँ? ह्यांनी जन्मभर घटका-पळं मोजली, भैया. नई दवाई दो." त्या दिवशी एकादशी नव्हती, तरी काकूंनी उपास धरला.

ती तारीख उजाडली आणि अख्खी गल्ली काकूंच्या खोलीत जमली. काकूंनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, पडदा काळाच राहिला. मग एकदाची अक्षरं उमटली. त्यांनी पहिली उघडली ती माझीच पत्रिका. काकांचं वाक्य जसंच्या तसं होतं: 'मुलगी फार बोलेल. बोलू द्यावे.' सगळे खो खो हसले. काकू मात्र पदराने डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "हे सुखरूप आहेत."

आता काकूही नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी त्या पत्रिका माझ्या हवाली केल्या, आणि "तू बोलशील फार, पण अपडेट विसरू नकोस" असा दमही दिला. त्या माझ्या लॅपटॉपवर आहेत. अपडेट आलं की माझा लेक म्हणतो, "आई, बाद में कर ना." मी ऐकत नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत आजही माझा जीव टांगणीला लागतो. मग मी काकांची एक पत्रिका उघडते आणि रिकाम्या खुर्चीला सांगते, "काकू, काका सुखरूप आहेत."