बोटाचा फोटो

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आत्ता तुम्हाला सांगतानासुद्धा उजव्या हाताचं हे मधलं बोट डाव्या हाताने सारखं दाबत बसलोय. दुखतं का? नाही—तीच तर भानगड आहे.

देवरीकडच्या आमच्या गावात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात होता. बायका चिखलाने भरलेल्या बांधीत ओळीने वाकलेल्या, आणि त्यांच्यापर्यंत धानाच्या रोपांचे भारे पोचवायचं काम माझं आणि दादाचं. ट्रॉलीचा फाळका लावताना माझं बोट चेंगरलं. टम्म सुजलं. दादाच म्हणाला, "गोंदियाले जाय, फोटो काढून आन." एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात.

गेलो. हात आडवा ठेवा, उभा ठेवा—झालं सगळं. डॉक्टरांनी फिल्म पाहिली. "हड्डी को कुछ नहीं हुआ. सूजन है, उतर जाएगी."

आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. परतीच्या बसमध्ये डोळ्यांसमोर फक्त चिखल होता. उद्यापासून पुन्हा गुडघाभर चिखल, मानेवरून गळणारं गढूळ पाणी. मला नको होतं. माझी काही अडचण नव्हती—मी आळशी होतो, बस्स.

घरी पोचलो तर दादा अंगात ताप घेऊन बांधीतून आलेला. "काऊन गा, तुटलं का?"

मी फिल्म उजेडाकडे धरली. दोन पेरांच्या मध्ये सांध्याची काळी फट असते—ती सगळ्यांच्याच बोटात असते—तिच्यावर नख ठेवलं आणि म्हणालो, "इथं तुटलं."

दादाने डोळे बारीक केले. "हो ना गा," म्हणाला, "साफ दिसते."

त्याला ते खरंच दिसलं हो. मी दाखवलं म्हणून दिसलं. आजही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते.

बांबूची कमची लावून पट्टी मीच बांधली. रोपं थांबत नाहीत, जून झाली की वाया जातात. म्हणून माझेही भारे दादाने वाहिले—तापातच. बांधीच्या कडेच्या निसरड्या धुऱ्यावर पाय घसरला आणि भाऱ्यासकट तो खाली गेला. गुडघा फिरला. तेव्हा मी कुठे होतो? घरापुढच्या सपरीत बसून चहा पीत होतो.

"चाल, तुह्या गुडघ्याचा फोटो काढू," मी म्हटलं. एकदाच. तो म्हणाला, "दोघंही बसलो तं रोवणा कोन करते?" मी पुन्हा विचारलं नाही. तो अजून लंगडतो.

ती फिल्म त्यानेच खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवली. रोज सकाळी उजेड आला की माझा हात दिसतो, धडधाकट.

यंदाच्या रोवण्यात मी भारा उचलला, तर दादा लंगडत माझ्याकडे आला. "दे गा इकडं. पावसाचं तुह्यं बोट दुखते."

मी भारा त्याच्या डोक्यावर दिला.