व्यंकटरावांची कॉइल

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं विजेलाच वैतागून रानोमाळ हिंडावं, हे व्यंकटराव जोश्यांना स्वतःलाही हास्यास्पद वाटे. पण दोष कुणाला द्यायचा? बजाजनगरातले निम्मे खांब त्यांनीच तर उभे केले होते.

झालं असं, की दोन हजार बाराच्या दुष्काळात आभाळ कोरडं ठणठणीत असताना त्यांनी कुठंतरी वाचलं, हजारो कोसांवर वीज कडाडली तरी तिची चुंबकीय तडतड तांब्याच्या मोठ्या कॉइलवर ऐकू येते. मग काय, माळ्यावरची जुनी बाज निघाली. तिच्या चौकटीवर मोटर वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचे आठशे वेढे पडले. मोजणी दोनदा चुकली, दोनदा सगळं उलगडलं. शेवटी हेडफोन लावला, तर नुसतं घूंऽऽ! घराघरांतल्या तारांची गुणगुण.

“तीस वर्षं पेरलंत, आता ऐका,” त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या.

मग तारांपासून लांब जावं म्हणून ते बाज घेऊन निघाले. लासूर स्टेशनला घूंऽऽ. त्यापुढंही घूंऽऽ. अखेर जीपच्या टपावर बाज लादून ते देवगाव रंगारीपलीकडच्या माळावर, मेंढपाळांच्या वस्तीवर पोचले. तिथं मात्र कानात तड्, तडतड! कुठल्या समुद्रावर पाऊस पडत होता कोण जाणे. साठीतले व्यंकटराव चक्क टाळ्या पिटू लागले.

“काय शांत जागा आहे हो तुमची!”

“शांत असनारच,” वस्तीवरची बानाबाई म्हणाली. “तारच नाय आली इथं. हिरीच्या तळाला पानी हाय, पन मोटर कशावर चालवावी? म्या शेंदून काढते. दोनदा अर्ज दिला. सायबानं ‘घरं कमी’ लिवून परत धाडला.”

तिनं जपून ठेवलेला कागद आणला. शेरा मोठा ऐटबाज होता. खालची सही ओळखायला व्यंकटरावांना चष्मा लागला नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तो साहेब मीच,” त्यांनी सांगून टाकलं.

बानाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, बाजेकडं पाहिलं. “मग आता मोजा की घरं. सात हायती.”

निवृत्त साहेबाला खात्यात चहासुद्धा कुणी विचारत नाही, हे पुढच्या अकरा महिन्यांत त्यांना नीट कळलं. तिसरा अर्ज हातात धरून ते प्रत्येक खिडकीशी उभे राहिले.

खांब आला, मोटर सुरू झाली, त्या दिवशी ते बाज घेऊन पुन्हा वस्तीवर गेले आणि हेडफोन बानाबाईच्या कानाला लावला.

“नुसतं घूंऽऽ करतंय,” ती म्हणाली, आणि बराच वेळ तो काढेना.